नकाशा चुकत नसतो

आमच्या व्याह्यांनी आयुष्यात कधी कुणाला रस्ता विचारला असं जर कुणी तुम्हाला सांगितलं, तर तो माणूस खोटं बोलतोय असं खुशाल समजा. तोफखान्यात नोकरी केलेला हा माणूस. नकाशा वाचणं हे त्यांचं तिथलं काम, आणि पेन्शन सुरू झाली तरी ते काम काही सुटलं नाही. उंब्रजच्या बाजाराला निघाले तरी खिशात कंपास. जेवायला बसले की, "विहीणबाई, भाकरीच्या ईशान्येला जरा ठेचा वाढा." माझ्या लेकीचं लग्न त्यांच्या दारात झालं, तेव्हा पत्रिकेच्या मागं त्यांनी स्वतः काढलेला नकाशा छापला होता. माधवनगरहून निघालेली आमची निम्मी माणसं त्या नकाशाबरहुकूम आली ती थेट ओढ्यातून, लुगडी वर धरून. कारण अंतरानं तोच रस्ता जवळचा! मी बोलले, तर मलाच म्हणाले, "उशीर झाला का? न्हाई न्हवं?"

तर अशा माणसाला त्यांच्या आईनं एक काम सांगितलं. म्हातारी नव्वदीच्या पुढची, पण आवाज खणखणीत. आम्ही लिंगायत, आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. त्यांच्या घराण्याची पुरायची जागा, आम्ही तिला रुद्रभूमी म्हणतो, ती पूर्वी त्यांच्याच मळ्यात होती. पुढं समाजानं सगळ्यांसाठी गावाजवळ एक जागा धरली आणि मळ्यातली सुटली. तिथं ना समाधी ना खूण, त्यामुळं नेमकी कुठं हे सांगणारं कुणी उरलं नाही. म्हातारीची पहिली मुलगी चार महिन्यांची होऊन गेली, ती तिथं होती. आईला कोण नेतंय बरोबर? पुरुषमाणसं घेऊन गेली आणि हात हलवत परत आली, तेवढंच तिनं पाहिलेलं. ती लेकाला म्हणाली, "मला गावच्या जागेत नगं. माझ्या पोरीजवळ ठेव. एवढं हुडकून दे, मग मी मोकळी."

झालं! व्याह्यांना मोहीमच मिळाली. गावाचा नकाशा आणला, गटाचा आणला, आणि मोजणी कचेरीतून आज्याच्या काळातलं टिपण काढलं. टिपण म्हणजे शेताची मापं टाकून हातानं काढलेला कागद. त्यावर रुद्रभूमीचा चौकोन होता आणि कोपऱ्यातल्या हद्दीच्या दगडापासूनचं मापही होतं. गोठ्यामागं लिंबाच्या सावलीला एक तुकडा कायम मोकळा असतो, तिथं घडीचं टेबल मांडलं, घडीची खुर्ची, वर थर्मास. साताऱ्याहून नवा टेप आणला. मी नेमकी त्याच आठवड्यात लेकीकडं गेलेले, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. दगडापासून टेप सोडत सोडत गेले ते थेट गोठ्यात, आणि मापाचं टोक पडलं म्हशीच्या चार पायांच्या मधोमध.

माझी विहीण धार काढत होती. "आवं, काय चाललंय ह्ये?"

"म्हस हलीव. चुकीच्या जागी बांधलीया."

"लगीन होऊन आल्यापास्नं हितंच बांधतीया मी."

"तवापास्नं चुकलीस. नकाशा चुकत नसतो."

म्हैस हलवली. तिनं दोन दिवस पान्हा चोरला आणि विहिणीनं नवऱ्याला बिनदुधाचा चहा पाजून त्याचा वचपा काढला. माप तीनदा घेतलं, तिन्ही वेळा टोक तिथंच. चौथ्यांदा टेप माझ्या हातात दिला, का, तर विहीणबाई तटस्थ आहेत. मीही म्हशीपाशीच पोचले.

मग मात्र त्यांनी टेप गुंडाळला. गोठा दगडी, आज्यानं बांधलेला. म्हणजे आज्यानं आपल्याच माणसांवर गोठा घातला, आणि इतकी वर्षं त्या तान्ह्या पोरीवर शेण पडतंय! त्या दुपारी त्यांना ताटातली कुठलीच दिशा आठवली नाही. हात धुऊन आईच्या पुढ्यात बसले. म्हणाले, "आई, जागा घावली. पर गोठ्याखाली हाय. उद्या गोठा पाडतो."

म्हातारीनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता हंबरडा फोडते. तर तिनं विचारलं, "मोजाय दगड कुठला धरलास?"

"कोपऱ्यातला. हद्दीचा."

"त्यो तुझ्या आज्यानं सरकवलाय, बाळा."

विहिणीच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. म्हातारी सांगू लागली. नवी नवरी होती, भाकरी घेऊन मळ्यात गेली, तर शेजारी जेवायला घरी गेलेले बघून सासरा ऐन दुपारी पहारीनं दगड काढत होता. "मामंजी म्हणाले, पोरी, तू काय बघितलं न्हाईस. मग म्याबी बघितलं न्हाई. आजपातूर." पुढं म्हणाली, "तुझा आजा लबाड हुता. पर मढ्यावर गोठा बांधणारा न्हवता."

"किती सरकवला?"

"बारा पावलं. म्या रोज त्याच दगडावर भाकरीची बुट्टी टेकवायची. दुसऱ्या दिशी बारा पावलं जास्ती चालावं लागलं."

व्याही उठले. टेप नाही, कंपास नाही. टिपण दगड सरकायच्या आधीचं, म्हणून दगड सरकला त्याच्या उलट अंगाला, म्हशीच्या जागेपासून मोजत गोठ्याच्या मागच्या दारानं बाहेर पडले, आणि बाराव्या पावलाला त्यांचा गुडघा त्यांच्याच घडीच्या टेबलावर आपटला.

वाटेकरी तिथंच वैरण कापत होता. तो म्हणाला, "हितं नांगर उचलायचा, आमच्या बापाची रीत हाय." का, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

"मग मला बोलला का न्हाईस?"

"तुमी नकाशा बघत हुता न्हवं, मालक."

दुसऱ्या दिवशी व्याही शेजाऱ्याकडं गेले, आज्याचं पाप परत करायला. शेजाऱ्यानं हातच जोडले. "गड्या, दगड हाय तितंच ऱ्हाऊ दे. तू मागं सरकलास तर मलाबी खालच्याच्या रानातनं मागं सरकावं लागंल."

म्हातारीला उचलून तिथं नेलं. तिनं मातीवर तळहात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि म्हणाली, "सावली बरी हाय." तेव्हापासून तिची जायची घाईच गेली बघा. आता म्हणते, शाळू निघू दे, पणतीचं बारसं होऊ दे. पोर कुठं जात न्हाई आता.

व्याह्यांनी टिपणाची नवी प्रत काढली, दगड दोन्ही जागी दाखवून, आणि चौकोनात बारीक अक्षरात लिहिलं, 'अक्का'. चार महिन्यांच्या पोरीला सत्तरीचा भाऊ अक्का म्हणतो. परवा मी गेले, तर स्वारी भर उन्हात बांधावर खुर्ची टाकून बसलेली, डोक्यावर टॉवेल, मांडीवर कुठलातरी नकाशा. मी म्हटलं, "अहो, लिंबाखाली बसा की तुमच्या नेहमीच्या जागेवर."

"नको, विहीणबाई," ते म्हणाले. "तितं अक्का हाय."