आईची आरोळी

लंडनच्या स्वयंपाकघरात मी लसूण कुटत होते. शेजारीण भिंतीवर बुक्क्या मारत ओरडली, "असला गोंगाट तुमच्या देशात करा!" माझं डोकं भडकलं आणि एकदम पस्तीस सालच्या सुमाराचा पंचवटीतला बाजार आठवला.

आई तिथे मेथी विकायची. तिची खणखणीत आरोळी समोरच्या वकिलांना सहन होईना. एके दिवशी त्यांनी तिची पाटीच लाथाडली. सगळी मेथी चिखलात पडली.

"रस्ता काय तुमच्या बापाचा हाय?" आई कडाडली. तिने जुड्या नदीवर धुऊन आणल्या आणि त्यांच्याच दारासमोर बसून दुप्पट जोरात ओरडू लागली.

संध्याकाळी वकिलांची बायको जुडी मागायला आली.

"तुमच्या घराला नाय," आई म्हणाली.

तेव्हा मला त्या बाईची कीव आली होती. आज मीही तिला जुडी दिली नसती.