कॉफीयंत्राच्या वॉशरला कोणतं तेल लावावं?

माझ्या मुलीचं लग्न एका रबरी वॉशरपायी मोडायला आलं होतं.

तेव्हा पुण्यातली निम्मी पोरं कम्प्युटरात शिरली होती आणि उरलेली शिरायच्या रांगेत होती. आमचा मिलिंद कंपनीतर्फे परदेशी गेला आणि येताना कॉफीचं इटालियन यंत्र घेऊन आला. (लोक चॉकलेटं आणतात!) सगळ्या नारायण पेठेत तसं दुसरं नव्हतं, आणि ही गोष्ट नारायण पेठेला कळल्याशिवाय मी कशी राहू देईन? मीनलला बघायला कात्रजचे पाहुणे येणार म्हटल्यावर मी फोनवरच ऐकवलं, "आमच्याकडे कॉफी मशीनची असते हं!"

नेमकं त्याच सकाळी यंत्राचा दांडा फिरेना. आतलं वॉशर वाळून खडखडीत, वाफ भसाभसा बाहेर! मिलिंदला ऑफिसात फोन लावला.

"आई, शिलाई मशीनचं तेल अजिबात घालू नकोस. पोटात गेलं तरी अपाय होणार नाही, असंच वंगण लागतं त्याला. मी रात्री आणतो. आज चहा कर."

चहा? मी?

फळीवरच्या बाटल्या काढल्या. खोबरेलाला केसांचा वास, शेंगदाणा तेलाला चिवड्याचा, तूप थंडीने गोठलेलं. आणि मागच्या कोपऱ्यात एरंडेल! घट्ट, चिकट. पोटात गेलं तर? अहो, ते तर पोटात जायलाच जन्माला आलंय! सासूबाईंनी सगळ्या खानदानाला पाजलं, एकही दगावला नाही. मी वॉशरला अभ्यंगस्नान घातलं आणि यंत्राला कमी पडायला नको म्हणून आणखी चार पळ्या आत सोडल्या. दांडा एका बोटाने फिरला!

"काय सुंदर तवंग आलाय कॉफीवर!" मुलाची आई म्हणाली.

"परदेशी मशीन ना," मी म्हणाले. मुलाच्या वडिलांनी तर दुसरा कप मागून घेतला.

यांनी मात्र एकच घोट घेतला आणि मला आत बोलावलं.

"अगं, ही चव ओळखीची आहे."

"इटलीची आहे ती."

"इटलीची कसली! मे महिन्याची सुट्टी लागली की आई कॉफीतून जे द्यायची ना..."

माझ्या हातातली बशी फुटली. धावत बाहेर आले, तर सगळे कप रिकामे!

आता हे लोक वेळेत कात्रजला पोचायला हवेत. "निघायचं असेल ना तुम्हाला? लांब जायचंय," मी म्हणाले. मीनलने डोळे वटारले.

"छे छे, आम्हाला मुळीच घाई नाही!"

दोन तास गप्पा रंगल्या. शेवटी मुलाचे वडील सावरून बसले. "तर, आम्हाला मुलगी..." आणि थांबले. कपाळावर घाम. "आपल्याकडे ते... कुठे आहे?"

घरात संडास एकच! ते आत जातात न जातात तोच त्यांची पत्नी उठली. मग नवरामुलगा दार बडवायला लागला, "बाबा, प्लीज!"

बऱ्याच वेळाने वडील बाहेर आले, खुर्चीत टेकले आणि त्यांनी वाक्य पूर्ण केलं, "...पसंत आहे. पण विहीणबाई, लग्नातलं खाणंपिणं आम्ही बघतो."

पुण्यात यजमान विचारतात, "चहा घेऊनच आला असाल?" आमचे व्याही मात्र अजून जिन्यातूनच ओरडतात, "आम्ही कॉफी घेऊनच आलोय!"