पाऊल दिसेल एवढा उजेड

दिवेलागण हे काही माणसाचं नाव नव्हे. पण नगरपालिकेच्या दिवाबत्ती खात्यात एकाला सगळे त्याच नावानं हाक मारत आणि तोही बिनतक्रार ओ देई. सौर दिवे कधी लागावेत, कधी मंद व्हावेत, कधी विझावेत हे ठरवून देणं हे त्याचं काम. खांबाखाली उभं राहायचं, रिमोट वर रोखायचा आणि बटणं दाबायची. बायको म्हणे, "घरातला पंखा महिनाभर कुरकुरतोय आणि हे निघाले गावाला उजेड द्यायला!"

काम दिसायला सोपं, पण त्यात मेख होती. दिवसभर पॅनेलनं जेवढं ऊन खाल्लं, तेवढ्यावरच दिव्यानं रात्र काढायची. उधळपट्टी केली की पहाटेच्या आत बॅटरीनं मान टाकलीच म्हणून समजा. म्हणून वर्दळ असेपर्यंत पूर्ण उजेड आणि रस्ता सामसूम झाला की मिणमिणता. खालून कुणी गेलं की सेन्सरला चाहूल लागून दिवा मोठा होई, माणूस पुढे गेला की परत मंद. तपासणीची खात्याची पद्धत एकच होती. खांबाखालून हात हलवत तरातरा चालत जायचं. दिवा भक्कन मोठा झाला की "पास!" असं ओरडायचं आणि पुढचा खांब गाठायचा.

तरातरा चालणं दिवेलागणच्या घराण्यातच होतं. त्याचे वडील घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचायचे, आणि त्यांची चाल बघून लोकांनी त्यांना वावटळ म्हणायला सुरुवात केली होती. लहानपणी सुट्टीच्या दिवशी हा त्यांच्याबरोबर निघे आणि दिवसभर त्यांची पाठ तेवढी बघे. धावून धावून पोराचा जीव मेटाकुटीला येई, पण वावटळ कधी मागे वळून बघत नसे.

म्हातारपणी त्या माणसाला अर्धांगाचा झटका आला. जिवावरचं पायावर निभावलं, पण डावा पाय फरफटायला लागला. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. वावटळ चालायला तयार होते, पण दिवसाउजेडी नाही आणि कुणाला बरोबर घेऊन तर मुळीच नाही.

"सगळ्या गावानं मला पळताना बघितलंय," ते म्हणाले. "आता हे बघायला नको."

मग पहाटे, अंधार असतानाच, काठी टेकत ते एकटे गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ लागले. सुनेचा जीव टांगणीला लागे. दिवेलागणनं तिची समजूत घातली. "अगं, गल्लीतले दिवे मीच लावलेत. बाबा खालून गेले की आपोआप मोठे होतील. घाबरतेस कशाला?"

काही दिवसांनी वावटळ चहा पिताना म्हणाले, "तुझा दिवा मला बघत नाही रे."

"म्हणजे?"

"म्हणजे मंदच राहतो. परवा माझ्या मागून एक कुत्रं पळत गेलं, तर त्याच्यासाठी लख्ख पेटला. कुत्र्याला उजेड आहे, मला नाही."

दिवेलागण हसला. त्याच संध्याकाळी मात्र तो गल्लीत गेला, तपासणीपुरते दिवे मंद केले आणि प्रत्येक खांबाखालून झपझप चालून आला. एकूण एक दिवा पेटला. घरी येऊन तो म्हणाला, "बाबा, दिवे ठणठणीत आहेत. तुम्हालाच तसं वाटत असेल." झटक्यानंतर आपल्याला काय काय वाटतं हे लोकच आपल्याला सांगतात, याची वावटळांना सवय झाली होती.

आणि एका पहाटे ते पडले. उखडलेल्या फरशीला काठी अडली. खरचटलेला तळहात त्यांनी दुपारपर्यंत मुठीत लपवला, पण ताट वाढताना सुनेनं तो पाहिलाच. "बस झालं," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता एकटं जायचं नाही." वावटळ वादही घालेनात. दुसऱ्या दिवसापासून ते पहाटे उठून खिडकीत बसायचे, चपला घालून. त्या चपला बघून दिवेलागणला घास गोड लागेना.

तिसऱ्या का चौथ्या पहाटे तो वैतागून म्हणाला, "चला बाबा, दाखवा मला कुठला दिवा पेटत नाही तो."

वावटळ पुढे, हा बराच मागे. पहिला खांब आला. काठी टेकली, उजवा पाय पडला, डावा घासत आला. दिवा मंदच. दुसरा खांब आला, तोही मंदच. दिवेलागणनं पुढे होत सवयीनं हात हलवत दोन ढांगा टाकल्या आणि दिवा भक्कन पेटला.

"बघ," वावटळ म्हणाले.

दिवा पुन्हा मंद होईपर्यंत तो थांबला. मग वडिलांच्या हातातली काठी घेतली, त्यांना भिंतीशी उभं केलं आणि त्यांच्यासारखाच पाय ओढत खांबाखालून निघाला. आयुष्यात पहिल्यांदा तो बापाच्या चालीनं चालत होता. दिवा ढिम्म हलला नाही. इतक्या सावकाश चाललं की सेन्सरला माणसाची चाहूलच लागत नाही, आणि तपासणीला कुणी असं कधी चाललंच नव्हतं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की काठी परत देताना त्याला वर बघवेना.

"चुकलं, बाबा," तो म्हणाला.

त्यानं सुचवलेला उपाय खात्यातल्या इंजिनिअर बाईंनी ऐकला आणि लगेच होकार दिला. मध्यरात्रीचा उजेड थोडा आणखी उतरवायचा आणि वाचलेली वीज पहाटे पूर्ण उजेडाला द्यायची. तपासणीही यापुढे काठीच्या चालीनं करायची असं ठरलं. सूनबाईंनीही त्यांच्या एकट्यानं जाण्याला एकदाचं "बरं" म्हटलं.

पहिल्या पहाटे गल्ली दिवसासारखी उजळली होती. वावटळ उंबऱ्याबाहेर आले आणि तिथेच थबकले.

"काय झालं, बाबा?"

"एवढा नको रे," ते हळू आवाजात म्हणाले. "सगळंच दिसतंय."

दिवेलागणला समजायला एक क्षण लागला. मग तो घरात जाऊन रिमोट घेऊन आला आणि दारासमोरच्या खांबाकडे रोखला.

"तुम्ही सांगा."

"कमी कर. अजून. अजून थोडा." वावटळ स्वतःच्या पायांकडे बघत होते. फरशीची कड दिसत होती, काठीचं टोक दिसत होतं. समोरच्या घरातून कुणी बघितलं असतं तर म्हातारा कोण हे काही कळलं नसतं. "बस. एवढाच."

गल्लीच्या टोकापर्यंत प्रत्येक खांबाला त्यानं तेवढाच उजेड लावला आणि परत आला. वावटळ निघाले.

सेन्सर बघत नाही तर नाही, आपण तरी नजर ठेवावी, असं त्याला फार वाटत होतं. पण तो वळला आणि गल्लीकडे पाठ करून दारात उभा राहिला. काठीचा आवाज लांब लांब जात होता. तो परत जवळ येईपर्यंत त्यानं मागे वळून बघितलं नाही.