पिटुकलीची बॅग

माझा धाकटा भाऊ उजव्या खांद्यातून वाकलाय. जन्मापासून नव्हे, लेकीची टेनिसची बॅग दहा वर्षं वाहून. लेकीला घरात आम्ही पिटुकली म्हणतो. पिटुकली बापापेक्षा वीतभर उंच आहे आणि ज्युनिअर स्पर्धांत तिने इतके कप जिंकलेत की वहिनीला फ्रिजवर साधा डबा ठेवायला जागा नाही.

पण कप जिंकण्यापलीकडे पोरीला काही येत असेल तर शपथ! बाटलीचं झाकण बाप उघडणार, बुटाची नाडी बाप बांधणार, केळं बाप सोलणार. सरावाला चेंडू वेचणाराही तोच.

"अरे, देवाने हात दिलेत तिला," मी म्हणायचे.

"ताई, ते रॅकेटसाठी आहेत."

घ्या! पुढे काय बोलणार, कपाळ?

अठरावं लागलं आणि भावाने पिटुकली व्यावसायिक झाल्याचं गल्लीभर जाहीर केलं. मोठ्या खेळाडूंबरोबर 'टीम' असते, हे त्याने टीव्हीवर पाहिलेलं. झालं! वहिनी रातोरात आहारतज्ज्ञ आणि मी मानसिक मार्गदर्शक. उभा जन्म मी पोस्टात शिक्के मारले. कुणाच्या मनाचा ठाव घेतल्याचं मला तरी आठवत नाही. तरी घातली टीमची, तिघांची एकाच रंगाची टोपी आणि निघाले.

पहिला सामना वाहनतळामागच्या कोर्टवर. प्रेक्षक म्हणजे आम्ही तिघं, दोन वॉचमन आणि एक कुत्रं. समोरची मुलगी एकटीच आली, पाठीवर बॅग, आपलं केळं आपणच सोललं.

"बिच्चारी, कुणी नाही हो तिला," भाऊ हळहळला.

असल्या छोट्या स्पर्धांत चेंडू आणून द्यायला कुणी नसतं. चेंडू गेला जाळीपाशी आणि आमची पिटुकली सवयीने हात मागे पसरून उभी. पंच घड्याळ बघतोय, ही उभीच. ओरडल्याबद्दल भावाला आधीच एक ताकीद मिळाली होती. पण तो पसरलेला हात बघून गडी राहतोय थोडाच? फाटक ढकलून धावत आत, चेंडू उचलला, तिच्या हातावर ठेवला. पंचाने गुण सरळ समोरच्या मुलीला दिला. वॉचमन खो-खो हसले. पिटुकली लालबुंद झाली आणि सामना हातचा गेला.

येताना गाडीत भाऊ पंचावर, वाऱ्यावर आणि माझ्या मार्गदर्शनावर घसरला. घरी आल्यावर पिटुकलीने तोंड उघडलं.

"पुढच्या वेळी मी एकटी जाणार. नाहीतर खेळणं बंद."

"आणि टीम?" भावाचा आवाज चिरकला.

दुसऱ्या दिवशी पिटुकली माझ्याकडे आली. "आत्या, कपडे धुवायला शिकव. आणि अंडं उकडायला." पहिलं अंडं जमिनीवर फुटलं. भाऊ फडकं घेऊन झेपावला, तसा मी त्याचा शर्ट मागून धरला. "बस खाली मुकाट्याने!"

पुढच्या स्पर्धेला जायच्या दिवशी बसपर्यंत बॅग त्याच्याच खांद्यावर.

"बाबा, दे."

"वर चढवून देतो ना."

"बाबा. दे."

दिली. बस वळली तरी तो तिथेच उभा.

तीन दिवसांनी फोन आला. पहिल्याच फेरीत हरली होती, पण तिसऱ्या सेटपर्यंत झुंजून. त्या केळंवाल्या मुलीबरोबर खोली घेतली होती, आणि सगळे पांढरे कपडे गुलाबी झाले होते. हे सांगताना खिदळत होती कार्टी.

"मी येऊ का गं?" भावाने विचारलं.

"नको रे बाबा," ती म्हणाली. अगदी लाडाने.

फोन ठेवून तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. खांदा तसाच वाकडा, वर बॅग मात्र नाही. दहा वर्षं मी ओरडत होते, आज 'बघ, सांगत नव्हते?' म्हणायचा दिवस होता. पण मी दाराआडची पिशवी काढली.

"अरे, बाजारात चल," मी म्हटलं. "पिशवी उचलवत नाही मला."

बाजारात मी कोथिंबिरीची एक जुडी घेतली. त्याने पिशवी लगेच उजव्या खांद्याला लावली आणि माझ्याकडे पाहिलं. "एवढंच?"

"नाही रे, बटाटे घ्यायचेत ना," मी म्हटलं, आणि चांगले पाच किलो घेतले. घरात होतेच.