फरदड

कपाशीच्या पऱ्हाट्यांचा धूर नाकात गेला की बाबांची हाक आठवते. कापसाची शेवटची वेचणी झाल्यावर झाडं न उपटता पाणी देऊन आणखी थोडा कापूस घेतात, ती फरदड. चार बहिणींनंतर दहा वर्षांनी मी झाले, म्हणून बाबा दारातूनच विचारायचे, "माही फरदड कुठी गेली?" एका हिवाळ्यात आमच्या धामणगावला कृषी खात्याचे साहेब आले. फरदड म्हणजे बोंडअळीचं घर, उपटून जाळा, असं त्यांनी बजावलं. बाबा मान खाली घालून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळी कपाशी उपटून पेटवली. "मांगं सरक, धूर लागन तुले," म्हणताना त्यांनी मला पहिल्यांदाच नावानं हाक मारली. शेवटच्या आजारपणातही ते नावानंच बोलावत राहिले, आणि ओ द्यायच्या आधी मी दरवेळी जराशी थांबायचे.