तळवड्यात बनलेलं पेप्टाइड

पुण्याजवळ तळवड्याच्या एका लहान कंपनीत मी पेप्टाइडं बनवते. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, प्रथिनाचा छोटासा तुकडा. मशीनमध्ये एकेक कडी जोडत ती वाढवायची, शुद्ध करायची, गोठवून वाळवायची. शेवटी बाटलीच्या तळाशी चिमूटभर पांढरी पूड उरते.

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेने आमच्याकडून थायमसचं पेप्टाइड बनवून घेतलं. थायमस ही छातीच्या हाडामागची ग्रंथी. रोगाशी लढणाऱ्या काही पेशी तिथे तयार होऊन बाहेर पडतात. लहानपणी ती चांगली मोठी असते, वय वाढेल तशी आक्रसत जाते. तिथल्या एका पेप्टाइडची हुबेहूब नक्कल म्हाताऱ्या उंदरांच्या पेशींना दिली, तर त्या पुन्हा तरतरीत होतात का, हे त्यांना बघायचं होतं.

माल गेला आणि काही आठवड्यांनी तिथल्या प्रमुख बाईंचा फोन आला. आधी दुसरीकडून घेतलेल्या मालाने पेशी जोरात जाग्या झाल्या होत्या, आमच्या मालाने जेमतेम हलल्या. तुमचं पेप्टाइड कमजोर दिसतंय, असं त्यांचं म्हणणं.

आमचे साहेब धास्तावले. गिऱ्हाईक मोठं होतं. माफी मागून नवा माल पाठवू, असं ते म्हणाले. मी त्यांच्याकडे फक्त थोडा वेळ मागितला. त्याच मालाचा राखून ठेवलेला नमुना काढून मी आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या जोडीदारणीने सगळं पुन्हा तपासलं. आलेखावर एकच सरळ, टोकदार शिखर आलं, म्हणजे दुसरं काही मिसळलेलं नाही. वजन बरोबर. जिवाणूंचे अंशही जवळजवळ नाहीत. तिथे माझ्या डोक्यात आलं की त्या आधीच्या मालात हे अंश असले तर? जिवाणूंचा मागमूस लागला की या पेशी खवळतातच, थायमसचा त्यात काही संबंध नाही.

मी साहेबांसमोरच बाईंना फोन लावला. इतक्या शिकलेल्या माणसाला तुमचा आधीचा निकाल एकदा तपासा म्हणायचं, म्हणजे अवघडच. तरी सांगितलं, "मॅडम, आमचा माल तुम्ही हवा तिथे तपासून घ्या. पण त्याच्याबरोबर आधीचाही तपासा. जिवाणूंसाठी."

त्या एवढंच म्हणाल्या की दोन्ही तपासायला पाठवते.

अहवाल आला तेव्हा साहेबांनी तो उभ्यानेच वाचला आणि माझ्याकडे सरकवला. आधीच्या मालात जिवाणूंचे अंश भरपूर होते. पेशी त्यांनीच चेतवल्या होत्या. आमच्या स्वच्छ पेप्टाइडने दाखवलेला परिणाम लहान होता, पण तो पेप्टाइडचा होता.

बाई स्वतः तळवड्याला आल्या. त्यांचे कित्येक महिन्यांचे निकाल बाद झाले होते, चेहऱ्यावर ते दिसत होतं. तरी त्यांनी आमची प्रयोगशाळा हिंडून पाहिली, जोडीदारणीला बारकाईने प्रश्न विचारले. निघताना मला म्हणाल्या, "चुकीचं छापून बसलो असतो आम्ही. तुमच्यामुळे वाचलो." मी त्यांना चहा घ्या म्हटलं.

त्या संध्याकाळी भोसरीला बाबांकडे गेले. बाबा तिथेच लेथवर काम करून रिटायर झाले. लातूरहून येऊन इतकी वर्षं झाली, तरी बोलणं तिकडचंच. त्यांनी सगळं नीट ऐकलं आणि विचारलं, "मंजे ते घेतलं की मानूस म्हातारा होत न्हाई का?"

मी म्हटलं, ते अजून कुणालाच माहीत नाही, आणि ही पूड माणसाने घ्यायची नाहीच, ती प्रयोगापुरती आहे. ते जरा हिरमुसले. मग म्हणाले, "पर तुजा माल चोख निगाला ना?"

"निघाला."

बाबा उठले आणि शेजारच्या खोलीवाल्यांना सांगायला गेले. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येत होता. थायमसचं त्यांनी पार उलटं करून टाकलं होतं, माझ्या कंपनीचं नाव चुकवलं होतं. मी उठून दुरुस्त करायला गेले नाही. आईने वाढलेलं ताट पुढ्यात घेऊन तशीच ऐकत बसले.