उतरलो, आई

हंगाम सुरू व्हायच्या आधी आमच्या साखर कारखान्याची चिमणी तपासायला टेंभुर्णीचा एक तरुण ड्रोन घेऊन आला होता. नाव विचारायचं राहूनच गेलं. चिमणीला कुठं तडा गेलाय का, हे तो खाली उभा राहून स्क्रीनवर बघणार होता. तरी रिमोट हातात घेण्याआधी त्याने चपला काढून चिमणीच्या पायथ्याशी नीट जोडून ठेवल्या. भर उन्हात, तापलेल्या काँक्रीटवर!

"अहो, पाय भाजतील," मी म्हणालो.

"वडील चिमण्या रंगवायचे. अनवाणीच चढायचे. घरातली सवय हाय," असं म्हणून त्याने ड्रोन सोडला. ड्रोन जसजसा वर गेला, तसतशा याच्या टाचा उचलत गेल्या. वाऱ्याने ड्रोन हलला की हा जमिनीवर उभ्या उभ्या तोल सावरायचा. मला हसू येत होतं, पण श्वास मीही धरला होता.

ड्रोन खाली येताच त्याने आधी फोन लावला. "आई, उतरलो. जेव आता."

मी म्हटलं, "तुम्ही चढलातच कुठं? आईंना ठाऊक नाही का?"

"ठाऊक हाय की. उडवून बी दाखवलंय. पण वडील वर असले की ते उतरेपर्यंत ती जेवायची न्हाय. आता मी जमिनीवरच असतो म्हटलं, तर म्हणती, बरं बरं, उतरलास की सांग."

मगच त्याने चपला पायात सरकवल्या.

दुपारी डबा उघडताना मनात आलं, टेंभुर्णीत आता ताट वाढलं गेलं असेल.